सवय कुणाची

आमच्या बार्शी भागात कचरा हा शब्द तसा उशिरा आला. आधी होता तो केर, आणि केराची जागा म्हणजे उकिरडा. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, जनावरांच्या पुढ्यात उरलेलं चगाळ, भाजीची देठं, सगळं त्या खड्ड्यात जायचं. वर्षभर कुजायचं आणि मिरगाच्या आधी बैलगाडीनं रानात पडायचं. उकिरडा मोठा म्हणजे गोठा भरलेला, आणि गोठा भरलेला म्हणजे घर धडाचं, असा हिशेब जाणती माणसं करायची. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणणाऱ्या लोकांना उकिरड्याची किळस कुठून असणार?

शेणाचं तर विचारूच नका. पाटलाची सून असो की सालगड्याची बायको, दोन्ही हातांनी शेण कालवून भुई सारवायची, गोवऱ्या थापायची आणि तेच हात धुऊन भाकरी करायला बसायची. ‘तुला घाण वाटत नाही का?’ असं तिला कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण जुनी माणसं सांगायची, तोच बैल दावणीला मेला की सगळं बदलायचं. ज्याचं शेण जन्मभर हातानं उचललं, पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली, त्याच्या अंगाला मग घरातलं कुणी हात लावत नसे. वस्तीवर सांगावा जायचा. तिथली माणसं यायची, दोर बांधायची आणि जनावर ओढून न्यायची. दिवाळीत लक्ष्मी म्हणून नवी केरसुणी पुजायची, हळदकुंकू वाहायचं, पण ती केरसुणी वळून आणणारा माणूस उंबऱ्याच्या बाहेर. म्हणजे घाण वस्तूत नव्हतीच. आपलं ते खत आणि दुसऱ्याचं ते घाण, असा साधा नियम होता. आणि ते दुसऱ्याचं उचलायला माणसं आधीच ठरवून ठेवली होती, जन्माच्या आधीपासून.

हे सगळं मला लहानपणी कळत होतं असं नाही. ते नीट समजलं ते शहरात, कचरा उचलणाऱ्या एका कंपनीच्या मुलाखतीत.

2012 साली पावसानं दगा दिला. 2013 च्या उन्हाळ्यात सोलापूर, उस्मानाबाद, बीड, जालना सगळीकडं टँकर आणि छावण्या. घरातली दोन जनावरं छावणीत, विहिरीत तळाला ओल सुद्धा नाही. मी आणि माझा एक मित्र, दोघंही बी.ए. झालेले. एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. तो वस्तीवरचा, मी गावातला. त्याला पहिला वर्ग होता, मला दुसरा. गावातलाच एकजण पुण्याकडं घंटागाडीवर ड्रायव्हर होता. त्यानं सांगितलं की ठेकेदाराला नवं टेंडर लागलंय, माणसं घेतायत. रात्रीची एसटी धरून आम्ही गेलो.

मुलाखत म्हटल्यावर डोळ्यांपुढं जे येतं तसलं तिथं काही नव्हतं. गाड्या लावायच्या मैदानाच्या कडेला पत्र्याचं ऑफिस, आत एक टेबल, टेबलामागं साहेब आणि एक कारकून. बाहेर तीस-चाळीस पोरं रांगेत. बहुतेक दुष्काळी भागातली, आमच्यासारखी. टेबलापुढं एक खुर्ची होती, पण तिच्यावर कुणी बसत नव्हतं. बस म्हणून कुणी सांगतही नव्हतं.

प्रश्न ठरलेले. गाव कुठलं, नाव काय, पुढं काय लावता? पहाटे पाचला हजेरीला येशील का? दारू पितोस का? सणाला सुट्टी मागायची नाही, कारण सणालाच कचरा जास्त होतो. मग भरलेलं पोतं गाडीच्या फाळक्यावर टाकायला लावायचे. आणि सगळ्यात शेवटी, मान वर करून, हा प्रश्न: “घाण वाटंल का?”

रांगेतला प्रत्येकजण “नाही साहेब” म्हणत होता. पोटात दुष्काळ असताना दुसरं काय म्हणणार?

माझी पाळी आली. साहेबांनी अर्ज बघितला, आडनावावर बोट थांबलं. म्हणाले, “बसा. रजिस्टर लिहाल का? हजेरी घ्यायची, गाड्यांच्या खेपा लिहायच्या.” मी खुर्चीवर बसलो. घाण वाटेल का, हा प्रश्न मला विचारलाच नाही.

माझ्यामागं मित्र. अर्ज बघितला, आडनावावर बोट थांबलं. “तू गाडीवर ये. लोडर म्हणून.”

तुम्ही आणि तू. मराठीत दोन शब्दांत माणसाची जागा सांगता येते. मी म्हणालो, “साहेब, याला पहिला वर्ग हाय. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं हाय.”

साहेब रागावले नाहीत. माणूस वाईट नव्हता, पुढं मी त्यांच्या हाताखाली काम केलं म्हणून सांगतो. अगदी सहज, समजूत घातल्यासारखं ते म्हणाले, “तसं नाही हो. त्यांना सवय असते.”

मित्र शांतपणे म्हणाला, “कसली सवय साहेब? माझ्या आज्यानं गावाची ढोरं ओढायचं सोडलं त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. बापानं शेतमजुरी केली. मी तर पुस्तकं वाचली. मला सवय कशी असंल?”

पत्र्याखाली पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मग त्यानंच विचारलं, “पगार किती? पीएफ कापता का? हातमोजे, बूट कंपनी देते का? आठवड्याची सुट्टी कधी?”

त्या दिवसभरात टेबलाच्या अलीकडून प्रश्न विचारणारा तो एकटाच. कारकुनानं त्याच्या नावापुढं काहीतरी खूण केली. साहेब म्हणाले, “उद्या पाचला या.” निदान जाताना तरी ‘या’ म्हणाले.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी म्हणालो, “मला नको ही नोकरी. चल माघारी.”

तो हसला. म्हणाला, “तू सोडलीस म्हणून ती खुर्ची मला मिळणार हाय का? तिसरा कुणीतरी बसंल. ते रजिस्टर तू घे. फक्त माझी हजेरी खरी लाव, आणि बाकीच्यांचीबी.”

“आणि तू?”

“मी गाडीवर जाणार. घरी टँकरची वाट बघत बसण्यापेक्षा बरं. पण एक सांगतो. हे काम मी पगाराचं म्हणून करीन, माझं म्हणून करणार न्हाई. आज्याचं काम त्याच्या नावावर लिहिलेलं होतं, ते सोडायला त्याला गावाशी भांडाय लागलं. मला नको वाटलं त्या दिवशी मी चिठ्ठी लिहून जाईन.”

या बोलण्यावर मी वर्षानुवर्षं विचार केला आहे. कारण ‘कुठलंही काम हलकं नसतं’ हे वाक्य आपण फार स्वस्तात वापरतो. शाळेत शिकवतो, भाषणात म्हणतो, आणि बहुधा जे काम आपल्याला किंवा आपल्या पोराला करायचं नसतं त्याच्याचबद्दल म्हणतो. डॉक्टरकी हलकी नसते, असं कधी कुणाला सांगावं लागतं का?

या प्रश्नाला आपल्याकडं दोन मोठ्या माणसांनी दोन बाजूंनी हात घातला. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्यानं रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. झाडणं हे कुणा एका जातीचं काम नाही, ज्याचा गाव त्याचं काम, हे त्यांनी बोलून नाही, झाडून दाखवलं. आणि 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, लाचारी सोडा, असं बजावलं. त्या चळवळीतून गावोगावच्या माणसांनी ढोरं ओढायचं नाकारलं. एकानं खराटा हातात घेतला, दुसऱ्यांनी हातातला दोर टाकायला शिकवलं. वरवर बघितलं तर उलट दिसतं. पण दोघांचं सांगणं एकाच गाठीवर घाव घालतं. ज्याला काम नाकारता येतं त्यानं ते हातात घेतलं तर त्याला मोठेपणा येतो. ज्याला ते नाकारता येत नाही, त्याच्यासाठी नाकारणं हाच मोठेपणा. काम तेच, खराटा तोच. मधे फरक आहे तो फक्त ‘नाही’ म्हणता येण्याचा.

गाडगेबाबांच्या नावानं पुढं ग्रामस्वच्छता अभियान निघालं. आमच्या गावानंही त्यात भाग घेतला होता. तपासणीच्या आधी अख्खा गाव खराटे घेऊन रस्त्यावर. सरपंच, मास्तर, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांचे फोटो निघाले. गाव खरंच लख्ख झालं, ती गोष्ट खोटी नव्हती. पण एक मला तेव्हाही खटकलं होतं. एक दिवस झाडणाऱ्याचा फोटो ग्रामपंचायतीत लागला. रोज झाडणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला त्या दिवशी फोटोत कुणी बोलावलं नाही. त्याला बोलावलं ते कार्यक्रम झाल्यावर, पत्रावळ्या उचलायला.

नोकरी लागल्यावर वर्षभरानं मीच त्या टेबलामागं बसू लागलो. साहेब प्रश्न विचारणार, मी लिहून घेणार. त्या टेबलावर मी जे बघितलं ते कुठल्या कॉलेजात शिकायला मिळालं नसतं.

पदवी झालेली पोरं दहावी नापास म्हणून अर्ज भरायची. शिकलेला माणूस टिकत नाही, म्हणून घेत नाहीत, हे रांगेतच एकमेकांना समजायचं. खोटं बोलून मोठं होणारी माणसं जगात पुष्कळ. इथं पोरं खोटं बोलून लहान होत होती. एकाचं अक्षर इतकं वळणदार की साहेबांना संशय आला, तर तो म्हणाला, “वहीच्या दुकानात काम करत होतो.” त्याला खोटारडा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ज्या जगात खरं शिक्षण लपवल्याशिवाय भाकरी मिळत नाही, त्या जगाचा हिशेब त्या पोराच्या नावावर कसा मांडायचा?

एक बाई आली होती, झाडणकामासाठी. नवरा वारलेला, दोन लेकरं. घाण वाटेल का, असं साहेबांनी विचारल्यावर म्हणाली, “घाणीचं काय न्हाई वो. काम झाल्यावर हातपाय धुवायला पाणी हाय का इथं? घरी लेकरू लगेच कवळा मारतं.” साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्या पत्र्याच्या ऑफिसात बायकांसाठी ना नळ होता ना आडोसा. तिनं जे विचारलं तोच खरं तर मुलाखतीतला पहिला प्रश्न असायला हवा होता, आणि तो कंपनीनं स्वतःला विचारायला हवा होता. पुढं पत्र्याच्या मागं एक नळ बसला. त्यासाठी मला तीनदा अर्ज लिहावा लागला.

आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की मुलाखतीत ताकद बघतात, सवय बघतात असं म्हणायला आहे. खरं बघतात ते एवढंच, की हा माणूस प्रश्न विचारणारा आहे का? पोतं न उचलता आलेली पोरं मी कामावर घेतलेली बघितली. पण हातमोज्यांचं विचारणाऱ्याच्या नावापुढं खूण पडायचीच.

हातमोजे ही काही चैन नव्हे. गाडीवर काय येतं ते ज्यानं हातानं निवडलंय त्यालाच ठाऊक. शिळं अन्न, माशांचे काटे, वापरलेली डायपर, कागदात न गुंडाळलेले पॅड, फुटलेल्या बाटल्या, दाढीची पाती, इंजेक्शनच्या सुया, सगळं एकाच पिशवीत गाठ मारून. मित्राच्या तळहातावर काचेनं कापल्याची खूण अजून आहे. त्या काचेचा मालक सुशिक्षित असणार, कारण पिशवी चांगल्या सोसायटीतली होती. ती काच त्यानं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर ‘काच’ एवढं लिहिलं असतं, तर त्याचा अर्धा मिनिट गेला असता.

2016 च्या घनकचरा नियमांनी हे सगळं कायद्यात आणलं. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा, पॅड-डायपर गुंडाळून द्यायचे, कामगाराला गणवेश, हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट मिळाला पाहिजे. कागदावर एक अक्षर कमी नाही. पण नियम वाचतो कोण, तर ज्याला ते लावून घ्यायचे असतात तो. कचरा करणाऱ्याला कुणी मुलाखतीला बसवत नाही. ‘दादा, तुम्ही काच कशी टाकता? ताई, ओलं-सुकं वेगळं ठेवायची सवय आहे का?’ असं विचारून त्याला पास-नापास कुणी करत नाही. घाण वाटते का, हे उचलणाऱ्याला विचारायचं. करणाऱ्याला घाण करताना काही वाटतं का, हे विचारायचं टेबल अजून कुणी मांडलेलं नाही.

आणि हा कचरा जायचा कुठं? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं गेला तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडं. ती गावंच होती, आमच्यासारखीच, रानं असलेली, विहिरी असलेली. तिथल्या लोकांनी विहिरीचं पाणी नासलं, माश्यांनी जगणं नको केलं म्हणून कितीदा तरी गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की शहरात चार दिवसांत ओरड सुरू व्हायची. मित्र म्हणायचा, “गंमत बघ. गावाकडनं आलेली पोरं शहराची घाण उचलणार, आणि नेऊन टाकणार दुसऱ्या गावात.” पूर्वी गावाच्या कडेला वस्ती होती. आता शहराच्या कडेला गाव आहे, एवढाच फरक झाला की काय, असं मला वाटून गेलं.

सगळंच काळं आहे असं मात्र नाही. त्याच पुण्यात 1993 साली बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. रस्त्यावर कागद, काच, भंगार वेचणाऱ्या बायकांची ती संघटना. पुढं त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि या बाया दारोदारचा कचरा गोळा करू लागल्या. बाया बहुतेक आमच्याच भागातल्या वाटाव्यात अशा, नऊवारी किंवा गोल साडीवर कोट चढवलेल्या. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं. मी एकीला सोसायटीच्या सेक्रेटरीला सुनावताना ऐकलं, “मिसळ कचरा न्यायची न्हाई मी. वेगळा करून ठेवा, मंग उद्या नेते.” आणि सेक्रेटरी निमूट आत गेला. काम तेच होतं, घाण तीच होती. पण तिला नाही म्हणता येत होतं, आणि त्या नाहीमागं तिच्यासारख्या हजारो जणी उभ्या होत्या. तिला सन्मान देणारं भाषण कुणी केलं नव्हतं. तिच्या हातात तो असाच आलेला होता.

आई मला एकदा म्हणाली, “लोकांच्या उष्ट्याखरकट्याची नोकरी म्हणं. पाहुण्यांना काय सांगायचं?” आमच्याकडं सोयरीक ठरवणं ही दुसरी मुलाखतच असते. घरच्यांनी ‘कंपनीत सुपरवायझर हाय’ असं सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. कसली कंपनी, हे कुणी विचारलं की मात्र विषय पावसावर जायचा. मित्राचं तसं नव्हतं. जत्रेला गावी आला आणि पारावर कुणी विचारलं की तो सरळ सांगायचा, “पुण्यात कचऱ्याच्या गाडीवर हाय. इतका पगार हाय, पीएफ कापतेत.” ऐकणाराच खाली बघायचा. मला आधी वाटायचं हा मुद्दाम खिजवतो. पण तसं नव्हतं. ज्याचा आजा त्या कामासाठी ओळखला जायचा आणि ज्याला त्या ओळखीतून सुटायचं होतं, त्याला ते काम लपवणं परवडणारं नव्हतं. लपवलं तर ते पुन्हा त्याचं झालं असतं. पगारासकट सांगितलं, की ती नोकरी राहते.

तरी एक गोष्ट मी त्याच्यापाशीही कधी मान्य केली नाही. नोकरी सोडता येते म्हणून ती बलुत्यापेक्षा वेगळी, हे त्याचं म्हणणं. पण रजिस्टर माझ्याकडं होतं. खालच्या पानांवरची, खराट्यावरची आणि लोडरची आडनावं बघितली की ती पुन्हा पुन्हा त्याच वस्त्यांवरनं आलेली. वरच्या पानांवर आमच्यासारखी. एखाद्याला सोडता येत असेल, पण तो सुटला की त्याच्या जागी त्याच्याच वस्तीवरचा दुसरा येऊन उभा राहणार असेल, तर सुटलं कोण? माणूस सुटला, वस्ती नाही सुटली. आमच्या गावाकडची पोरं दुष्काळानं रांगेत उभी राहिली तेव्हा त्या रांगेत सगळ्या आडनावांची मिसळ होती. टेबलापर्यंत पोचल्यावर ती निवडली गेली, ओलं-सुकं निवडावं तशी.

मित्रानं दोन वर्षांत हेवी लायसन काढलं. गाडी चालवू लागला. मग एक दिवस म्हणाल्याप्रमाणं चिठ्ठी लिहून, पीएफचे कागद घेऊन गेला. आता तो दुसरीकडं ट्रक चालवतो. त्याच्या जागेसाठी पुन्हा मुलाखती झाल्या. साहेब रजेवर होते, म्हणून टेबलामागं मी एकटाच. पहिला पोरगा आत आला, दारातच उभा राहिला. मी त्याला आधी खुर्चीवर बसवलं. आडनावाचा रकाना हातानं झाकून वरचं शिक्षण वाचलं. “घाण वाटंल का?” हा छापील प्रश्न तोंडावर आला होता, तो बाजूला ठेवला आणि म्हणालो, “तुला काही विचारायचंय का आम्हाला?”

तो गोंधळला. दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग चाचरत म्हणाला, “विचारलं तर नोकरी जाणार न्हाई ना साहेब?”